वसंताला पत्र: हॉर्टाच्या बाजूनं सही कोण करणार?

नाशिक
रविवार, रात्री

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. गुडघ्याचं काय झालं ते कळव. वहिनी फोनवर खरं सांगतात, तू सांगत नाहीस.

पण आज पत्र लिहायला बसलो ते गुडघ्यासाठी नाही. 'स्टार ट्रेक' आठवतं ना, ती अंतराळजहाजाची अमेरिकन मालिका? रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचं. तुमच्या खदानीच्या क्वार्टरात खाटेवर, जमिनीवर, दारात मिळून अर्धी लाइन जमायची आणि धड इंग्रजी समजणारा त्यात एकही नसायचा. त्यातला खदानीचा भाग मी परवा नातवाला शेजारी बसवून पुन्हा पाहिला. दगडातून वाट काढत येणारा हॉर्टा नावाचा प्राणी, माणसं जळून मरताहेत, आणि शेवटी कळतं की ती आई आहे, तो भाग. नाव 'द डेव्हिल इन द डार्क'. अमेरिकेत ९ मार्च १९६७ ला पहिल्यांदा दाखवला गेला. म्हणजे आपल्यापर्यंत पोचेस्तोवर तो चांगलाच जुना झाला होता, आणि आपण मात्र काल घडल्यासारखे त्यावर भांडलो होतो.

नातवानं पहिल्या दर्शनालाच निकाल दिला, "आजोबा, हा तर चालता पिझ्झा आहे!" खोटं कशाला बोलू, तसाच दिसतो. तपकिरी, फुगीर, कडेला झालरी, मधून लाल-नारिंगी डाग. त्या पोशाखाच्या आत यानोश प्रोहास्का नावाचा हंगेरीत जन्मलेला कसरतपटू हातापायांवर सरपटत होता. असे विचित्र प्राणी स्वतः बनवायचे आणि स्वतःच त्यांत शिरायचं, हा त्याचा धंदा. असं सांगतात की तो हा पोशाख घालून मालिकेचे निर्माते जीन कून यांच्यासमोर सरपटत गेला, मागं एक पांढरा गोळा टाकला, आणि ते बघून कून इतके खूश झाले की त्या प्राण्यासाठी त्यांनी कथाच लिहून काढली. म्हणजे आधी अंडं, मग गोष्ट. सांगताना लोकांनी थोडं मीठमसाला घातला असेलही, पण मला पटतं. कारण अख्खा भाग उभा आहे तो त्या गोळ्यांवरच.

खदान बघून तू तेव्हाही हसला होतास, अजूनही हसशील. जानस-सहा हा ग्रह, जमिनीच्या पोटात खोल काम चाललंय, आणि बोगद्याची जमीन अशी सपाट की त्यावर पंगत बसवावी. कुणाच्या डोक्यावर टोपी नाही, कॅपलॅम्प नाही, छताला कुठं टेकू नाही. तू तिथला सरदार, पाळीचा मुकादम, असतास तर त्या बोगद्यात एक माणूस उतरवला नसतास.

माणसं मात्र खोटी नाहीत. व्हँडरबर्ग हा तिथला मुख्य. वाईट माणूस नाही. पन्नासावर माणसं मेलीत त्याची, आणि वरून पर्जियमची मागणी थांबत नाही, कारण डझनभर ग्रहांच्या अणुभट्ट्या त्यावर चालतात. पर्जियम हे कल्पनेतलं खनिज, पण त्याच्या जागी कोळसा घाल आणि मला सांग, वेगळं काय राहतं? त्याला प्राणी कुठला, कुठून आला, आत्ताच का आला, यातलं काही विचारायला सवडच नाही. त्याचा प्रश्न एकच, काम पुन्हा कधी सुरू होणार. पाळीवर उभा केलेला पहारेकरी घाबरलाय, त्याला धीर देऊन मुख्य निघून जातो आणि तो पोरगा मरतो. जहाजाचा कप्तान कर्क, त्याचा परग्रहावरचा, व्हल्कन जातीचा सहकारी स्पॉक वगैरे नेहमीची मंडळी तोवर दिसलेलीच नसतात. मालिकेच्या नायकांना बाजूला ठेवून गोष्ट सुरू होते ती एका घाबरलेल्या कामगारापासून. हे मला या खेपेला फार आवडलं.

आणि त्या व्हँडरबर्गच्या टेबलावर एक गोल दगड ठेवलेला आहे. कागदावर ठेवायला असतो तसा. स्पॉक तो उचलतो, उलटसुलट बघतो, विचारतो. उत्तर येतं, सिलिकॉनचा गोळा आहे, खाली हजारो पडलेत, काही किंमत नाही. नवी लेव्हल, म्हणजे खदानीचा नवा मजला, उघडल्यावर सापडले. स्पॉक पुढं काही बोलत नाही, पण त्याचा हात दगडावरून लवकर निघत नाही. पहिल्यांदा पाहताना हे ध्यानात यायचं काहीच कारण नव्हतं. शेवट माहीत असताना पाहिलं की तिथंच पोटात गोळा येतो, कारण अख्खं उत्तर टेबलावर ठेवलेलं आहे आणि त्याभोवती बसून लोक बंदुकांची चर्चा करताहेत.

आता ज्यावरून आपण भांडलो होतो ती जागा. तुझं म्हणणं होतं की स्पॉक थंड डोक्याचा म्हणून शहाणा आणि कर्क मारकुटा. पुन्हा नीट बघ. सुरुवातीला तसंच आहे. प्राणी एकटाच उरलेला असेल तर त्याला मारणं हा शास्त्राचा गुन्हा, असं स्पॉक म्हणतो. शोधपथकाला तो जमलं तर जिवंत धरा असं सांगतो, आणि कर्क सगळ्यांसमोर त्याचा शब्द मोडून मारायचाच हुकूम देतो. वर त्याला कामाच्या निमित्तानं तिथून हलवायलाही बघतो. तेव्हा स्पॉकचं ते प्रसिद्ध गणित येतं. आपण दोघंही मरण्याची शक्यता २,२२८.७ ला एक! त्या दशांश चिन्हावर नातू लोळून हसला.

मग दरड कोसळते. कर्क एकीकडे, स्पॉक दुसरीकडे, आणि प्राणी नेमका कर्कच्या समोर. हातात बंदूक. प्राणी पुढं येत नाही. जखमी आहे, बंदूक रोखली की मागं सरतो, खाली केली की थांबतो. कर्क बघत राहतो आणि गोळी घालत नाही. ज्यानं मारायचा हुकूम दिला तोच. पलीकडून संपर्कयंत्रावर स्पॉक ओरडतो, ताबडतोब मारून टाका! म्हणजे ज्याला शास्त्राची काळजी होती त्याचं शास्त्र मित्राचा जीव धोक्यात आल्याबरोबर हवेत उडालं, आणि ज्याला फक्त काम उरकायचं होतं त्याला समोरचा जीव दिसला. दोघांनी जागा बदलल्या, आणि त्याबद्दल नंतर कुणी एक वाक्यही बोलत नाही. आजकालच्या मालिकेत यावर दहा मिनिटांचं भाषण झालं असतं.

एवढ्यावरून तू म्हणशील, तुझा कर्क जिंकला. जिंकला नाही रे. मला वाटतं त्या क्षणी कर्कला दिसलं कारण तो एकटा होता. मागं पथक नव्हतं, कामगार नव्हते, व्हँडरबर्ग नव्हता. दहा माणसं पाठीशी असती तर बंदूक चाललीच असती.

मग स्पॉक येतो आणि त्या प्राण्याच्या मनाशी मन जोडतो. आधी अंतरावरून. त्याच्या तोंडून एकच शब्द फुटतो, वेदना. स्पॉक झालेला लिओनार्ड निमॉय तो ज्या तऱ्हेनं ओरडलाय ते ऐकून स्वयंपाकघरातून लेक धावत आली. या दृश्याची एक बाजू मला आता कळली. चित्रीकरण चालू असतानाच कर्क झालेल्या विल्यम शॅटनरला वडील गेल्याचा फोन आला. विमान सुटेपर्यंत तो सेटवर काम करत राहिला, मग गेला. तो नसताना निमॉयनं हा प्रसंग केला, कर्कच्या पाठीच्या जागी दुसरा माणूस उभा करून. शॅटनर परत आल्यावर त्याच्या चेहऱ्याचे तुकडे वेगळे घेतले. त्यासाठी निमॉयनं त्याला सगळं पुन्हा करून दाखवलं, तेवढ्याच जोरानं ओरडून, आणि वडिलांना पोचवून आलेल्या या पठ्ठ्यानं त्यावर विनोद केला की या व्हल्कनला कुणीतरी अ‍ॅस्पिरिन द्या रे! तुझे वडील गेले तेव्हा दहाव्याला तू असाच काहीतरी वाह्यात बोलला होतास आणि काकांनी तुझ्याकडं बघितलं होतं ते आठवलं. सुतकात माणसाला हसू कुठून येतं कोण जाणे.

त्यानंतर तो हॉर्टा स्वतःच्या आम्लानं दगडावर अक्षरं जाळतो, 'नो किल आय'. मला मारू नका की मी मारणार नाही, हे कर्कलाही कळत नाही. मग स्पॉक त्याच्या अंगावर हात ठेवतो आणि सगळं बाहेर येतं. दर पन्नास हजार वर्षांनी या जातीचे सगळे मरतात, एक उरते, ती अंडी राखते आणि पुढच्या साऱ्यांची आई होते. कामगारांनी नवी लेव्हल उघडली तेव्हा ते तिच्या अंडीघरातच शिरले आणि ते बिनकिमतीचे गोळे फोडत सुटले. ती मारायला आली ती त्यानंतर.

इथं दोन गोष्टी लिहायच्या आहेत, आणि तूही तावातावानं उत्तर लिहावंस अशी इच्छा आहे.

पहिली म्हणजे या अख्ख्या भागात एकाही बाईला बोलायला एक वाक्य नाही. मूळ मालिकेतला असा हा एकमेव भाग. खदानीत बाया नाहीत, आणि गोष्ट एका आईची. तिचं सगळं बोलणं पुरुषाच्या तोंडून येतं, तोही परग्रहावरचा. मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही, १९६७ साली कुणाच्या ध्यानातही आलं नसेल. पण परिणाम बघ. स्पॉक डोळे मिटून तिचे शब्द उच्चारतो, युगांचं दालन, उद्याची वेदी, असलं काहीतरी स्तोत्रासारखं. तीच जागा कामगारांच्या लेखी एक लेव्हल आहे आणि व्हँडरबर्गच्या टेबलावर तिचा एक तुकडा कागद उडू नयेत म्हणून. एकाच दगडाबद्दल दोन बाजू बोलताहेत, आणि एका बाजूला तोंडच नाही.

दुसरी गोष्ट रसायनशास्त्राची, तेव्हा जांभई आवर. आवर्तसारणीत कार्बनच्या बरोबर खालच्या घरात सिलिकॉन. दोघांची संयुजा चार, म्हणजे दोघंही चार-चार बंध जोडतात. म्हणून कार्बनऐवजी सिलिकॉनवर उभी राहिलेली जीवसृष्टी असेल का हा प्रश्न फार जुना आहे. विज्ञानकथाकार एच. जी. वेल्सनं १८९४ सालीच तो मांडला होता. अडचणी भरपूर. सिलिकॉनचे सिलिकॉनशी बंध कार्बनच्या मानानं कमजोर, लांबलचक साखळ्या टिकत नाहीत. शिवाय आपण श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो वायू आहे म्हणून जमतं. सिलिकॉन डायऑक्साइड म्हणजे वाळू. हॉर्टाला दर श्वासाला वाळू ओकावी लागेल. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही जागे व्हायचे. पृथ्वीच्या कवचात वजनानं पाव हिश्शाहून जास्त सिलिकॉन आहे, तरी जीवानं निवडला तो दुर्मीळ कार्बनच. पण मी निवृत्त झाल्यावर एक गंमत झाली. २०१६ साली अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या प्रयोगशाळेनं आइसलंडच्या उष्ण झऱ्यातल्या एका जिवाणूचं प्रथिन घेतलं, त्यात पिढ्यान् पिढ्या बदल घडवत नेले, आणि जिवंत पेशीकडून कार्बन-सिलिकॉन बंध तयार करून घेतला. दोन वर्षांनी बाईंना नोबेल मिळालं, प्रथिनांच्या अशाच घडवलेल्या उत्क्रांतीसाठी. हॉर्टापासून हे कोसो दूर आहे. तरी मला पुन्हा एकदा वर्गावर जावंसं वाटलं, खरं सांगतो.

नातवाला मात्र रसायन नको होतं, त्याला अंडं हवं होतं. मग त्याला सिन्नरला नेलं, गारगोटी संग्रहालयात. तू आलास की तुलाही नेईन. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपत राहिलं आणि आतून थरावर थर बसत गेले, गारगोटीचे, अकीकाचे, झिओलाइट नावाच्या खनिजांचे. वरून ओबडधोबड गोळा, फोडला की आत स्फटिकांचं दालन. वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हन्साइट हे खनिज बघून पोरगं हरखलं. विहिरी खणताना, रस्त्यासाठी दगड फोडताना हे गोळे निघतात, आणि निम्म्या महाराष्ट्राच्या शोकेसांत त्यांच्या चकत्या पॉलिश करून ठेवलेल्या असतात. नातू एका मोठ्या गोळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग हळूच विचारलं, "हा फोडला तेव्हा कुणी विचारलं होतं का?" काचेपलीकडच्या ताईंना वाटलं तो किंमत विचारतोय.

हे सगळं ज्यानं लिहिलं त्या जीन कूनबद्दल आपल्याला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मालिकेचा जनक म्हणून रॉडनबेरीचं नाव येतं, पण तिच्यात जो शहाणपणा आहे त्यातला बराच या माणसाचा, असं माझं मत झालंय. मरीन दलात नोकरी केलेला गडी. १९६७ च्याच जानेवारीत आलेला 'अरीना' हा भागही त्यानंच लिहिलेला, तो सरड्यासारख्या गॉर्नशी कर्कच्या मारामारीचा. तिथंही शेवटी कळतं की गॉर्नच्या दृष्टीनं घुसखोर माणसंच होती. दोन महिन्यांत एकाच माणसानं एकच गोष्ट दोनदा सांगितली, एकदा मारामारीतून, एकदा अंड्यांतून. दुसऱ्यांदा जास्त चांगली जमली. विज्ञानकथाकार आर्थर क्लार्कनीही पुढं कधीतरी म्हटलं होतं की पहिल्या वर्षातला आपल्याला आठवतो तो हॉर्टाचाच भाग. १९७३ मध्ये कून कर्करोगानं गेला, आणि पुढच्याच वर्षी प्रोहास्का विमान अपघातात.

आता शेवटाकडे येतो, कारण खरं भांडण तिथं आहे आणि त्यात मला तू हवा आहेस.

कामगार पहारेकऱ्यांना बडवून दांडकी घेऊन आत घुसतात. तिकडं जहाजाचा डॉक्टर मॅककॉय हॉर्टाच्या जखमेत काँक्रीट लिंपतोय, मी डॉक्टर आहे, गवंडी नाही, असं कुरकुरत. (हे वाक्य नातवानं पाठ केलंय. परवा आईनं ताट उचलायला सांगितलं तर म्हणाला, मी विद्यार्थी आहे, वेटर नाही. चापट खाल्ली.) कर्क कामगारांना अडवतो, काय घडलं ते सांगतो. व्हँडरबर्ग ओशाळतो, आम्हाला माहीत नव्हतं म्हणतो. इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर कर्क काय बोलतो? तुमच्याकडं साधनं नाहीत म्हणून इथलं खनिज निघत नाही अशी तुमची तक्रार होती ना, मग हॉर्टा दगडातून अशी जाते जसे आपण हवेतून जातो, मागं बोगदे सोडत. विश्वातले सर्वांत मोठे खाणकामगार! आणि कामगारांचे चेहरे उजळतात. शेवटी जहाजावर निरोप येतो की अंडी फुटली, पिल्लं भराभर बोगदे पाडताहेत, पर्जियम, सोनं, प्लॅटिनम, सगळं हाती लागतंय. हॉर्टाला स्पॉकचे कान आवडले, यावर सगळे हसतात. संपलं.

तेव्हा तू टाळी वाजवली होतीस. म्हणालास, "बघ बे, भांडण असं मिटवतात. दोघांचाही फायदा दाखवायचा." तू तेव्हा नुकताच कामगारांतर्फे वाटाघाटीला बसायला लागला होतास.

मला आता तो शेवट टोचतो. फायद्यावर तडजोड झाली हे नाही. फायद्याशिवाय कुणी दांडकं खाली ठेवत नाही, हे तूच मला शिकवलंस. मला टोचतं ते हे की जहाज निघून गेलं. हॉर्टाशी बोलू शकणारा एकच माणूस होता आणि तो त्या जहाजावर आहे. खाली उरले व्हँडरबर्ग, त्याची माणसं, आई, आणि हजारो पिल्लं, ज्यांनी स्पॉकला पाहिलेलंही नाही. उद्या एखाद्या पिल्लानं चुकून पंपाच्या भिंतीतून वाट काढली तर? एखाद्या नव्या मुकादमाला वाटलं की या बाजूचाही दगड फोडावा तर? तिला म्हणायचंय काय हे विचारणार कसं? पुन्हा दगडावर तीन शब्द?

तुझ्या खदानीतली ती अंघोळीच्या पाण्याची गोष्ट आठवते? पाळी सुटल्यावर गरम पाणी मिळेल असं एका साहेबानं तोंडी कबूल केलं, मिळतही होतं. साहेबाची बदली झाली आणि नवा म्हणाला, लेखी आहे का? तू त्या रात्री आमच्याकडं येऊन जेवला नाहीस. कर्कचा करार मला तसा वाटतो. सगळ्यांच्या साक्षीनं, सगळ्यांच्या आनंदात, आणि कागद नाही.

आणि अजून एक, ते बहुधा कूनच्याही मनात आलं नसेल. पिल्लं हजारो, माणसं थोडीच. काही वर्षांनी कोण कुणाच्या दयेवर असेल?

तेव्हा मसुदा तू कर. तीस वर्षं तेच केलंस. हॉर्टाच्या बाजूनं सही कुणाची घ्यायची, साक्षीदार कोण, भंग झाला तर दाद कुणाकडं मागायची, सगळं लिही. एक कलम मी माझ्याकडून सुचवतो. दर सहा महिन्यांनी स्पॉकनं जातीनं तिथं हजर राहून दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यावं, आणि त्याचा प्रवासभत्ता व्हँडरबर्गच्या कंपनीनं भरावा. भत्त्याचा दर तुझ्या अनुभवानं ठरव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याचा एक्स-रे काढून घे.

तुझा,
मधू